त्यांना मूल कशाला हवं?

"एचआयव्ही असताना मूल कशाला हवं त्यांना?"

हे वाक्य मी चांगल्या शिकलेल्या, दोनदोनदा ऑनसाइट जाऊन आलेल्या मंडळींच्या तोंडून ऐकलंय. कॅन्टीनमध्ये, चहाच्या घोटाबरोबर. खरं तर तो प्रश्न नसतोच, निकाल असतो. शेवटी फक्त प्रश्नचिन्ह लावलेलं असतं. आजचा हा वीकेंड-लेख म्हणजे त्या निकालाविरुद्ध अपील समजा.

मंडळी, आपण स्वतः मूल कसं प्लॅन करतो ते आठवा. आधी अप्रेझल, मग फ्लॅटचं पझेशन, मग एखाद्या चकचकीत हॉस्पिटलात तपासण्या. थायरॉईड, शुगर, हिमोग्लोबिन, सगळं बघून घ्यायचं. फॉलिक अ‍ॅसिड आधीपासून सुरू. शुगर असलेल्या बाईला कुणी "तुला मूल कशाला?" म्हणत नाही. "आधी शुगर कंट्रोलमध्ये आण, मग बघू" असं म्हणतात. एचआयव्हीच्या बाबतीत आज नेमकं हेच म्हणायला हवं. आधी व्हायरल लोड खाली आण, मग बघू.

व्हायरल लोड म्हणजे काय? आमच्या कोल्हापूरकडची माणसं पावसाळ्यात दोन प्रश्न हमखास विचारतात. पंचगंगा किती फुटांवर? आणि राधानगरीचे किती दरवाजे उघडले? शाहू महाराजांच्या त्या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठराविक पातळीला पोचलं की ते आपोआप उघडतात. गावात काय अफवा आहे, कुणाच्या सासूला काय वाटतं, याच्याशी त्या दरवाजांना काही देणंघेणं नाही. पातळी किती, एवढाच सवाल. व्हायरल लोड ही तशीच पातळी. रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये विषाणूच्या किती प्रती आहेत, त्याचा आकडा. औषध नियमित घेतलं तर तो इतका खाली जातो की चाचणीला सापडत नाही. मूल व्हावं की नाही याची चर्चा या आकड्यापासून सुरू व्हायला हवी. आपण ती सुरू करतो चारित्र्यापासून.

आता थोडे आकडे. (आपल्या लोकांना डेटा लागतो ना, घ्या.)

काहीच उपचार नसतील तर आईकडून बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या डोक्यात बसलेला आकडा हा. पण फ्रान्समधला २०१५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास बघा. दिवस जाण्याआधीपासून औषध चालू होतं आणि बाळंतपणाच्या वेळी व्हायरल लोड ५० च्या खाली होता, अशा आयांची २,६५१ बाळं मोजली. लागण किती जणांना? शून्य. (तिथे अंगावर पाजणं टाळलेलं असतं. तो मुद्दा पुढे येतोच.)

जोडीदाराचं काय? २०११ साली आलेल्या नऊ देशांतल्या अभ्यासात १,७६३ जोडपी होती आणि आपल्या पुण्याची 'नारी' संस्थाही त्यात सहभागी होती. लवकर उपचार सुरू केले तर जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी कमी झाली. मग २०१६ आणि २०१९ साली युरोपातल्या पार्टनर अभ्यासांचे निष्कर्ष आले. विषाणू दबलेल्या जोडीदाराकडून, निरोध न वापरताही, एकही लागण झालेली आढळली नाही.

म्हणजे बग कधीच फिक्स झालाय. आपण अजून जुन्या व्हर्जनची रिलीज नोट वाचतोय.

जुनं व्हर्जन कुठलं म्हणाल, तर १९९८ साली सुप्रीम कोर्टानेच म्हटलं होतं की एचआयव्ही असलेल्या माणसाचा लग्नाचा हक्क 'स्थगित' असतो. २००२ साली कोर्टाने स्वतःच ती टिप्पणी अनावश्यक ठरवून बाजूला सारली. १ एप्रिल २००४ पासून सरकारी इस्पितळांत मोफत औषधं मिळू लागली. २०१७ पासून निदान झालं की लगेच उपचार, हे धोरण आलं. त्याच वर्षी एचआयव्ही-एड्स कायदा झाला आणि १० सप्टेंबर २०१८ ला तो लागू झाला. त्यात भेदभावाला बंदी आहे, आणि गरोदर बाईच्या संमतीशिवाय तिचा गर्भपात किंवा नसबंदी करता येत नाही हे स्वच्छ लिहिलंय. कोर्ट अपडेट झालं, सरकार अपडेट झालं. राहिलो कोण? आपण.

"बरं, पण आपल्या मताने त्यांचं काय बिघडतं?" पुष्कळ बिघडतं. कसं ते सांगतो.

धरून चाला, राधानगरी तालुक्यातलं एक जोडपं आहे. दोघंही औषधावर. गोळ्या आणायला पन्नासेक किलोमीटर एसटीने कोल्हापूरला, सीपीआरला जातात. तिला मूल हवंय. पण 'तुम्हाला कशाला?' हे तिने घरात, माहेरी, शेजारी इतक्यांदा ऐकलंय की सेंटरमध्ये विचारायची हिंमतच होत नाही. न विचारताच दिवस जातात. शेवटचा व्हायरल लोड कधी तपासला, आठवत नाही. गावातल्या आशाताई ओळखीच्या, म्हणून त्यांनाही काही सांगत नाही. त्या बिचाऱ्या नियमाप्रमाणे लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या देतात. आता गंमत बघा. (गंमत कसली म्हणा.) एचआयव्हीच्या हल्लीच्या रोजच्या गोळीत डोल्युटेग्राव्हिर असतं. लोह आणि कॅल्शियम उपाशीपोटी त्याच्याबरोबर घेतलं तर ते रक्तात नीट शोषलं जात नाही. उपाय अगदी सोपा. सगळं जेवणाबरोबर घ्या, नाहीतर एचआयव्हीची गोळी दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. पण हे तिला सांगणार कोण? एका खिडकीला दुसऱ्या खिडकीचा पत्ताच नाही. त्यात उलट्या सुरू होतात, गोळ्या चुकतात, आणि दबलेला विषाणू डोकं वर काढू शकतो.

या गोष्टीत धोका आला कुठून? औषध होतं, आणि तेही फुकट. धोका आला गप्प बसण्यातून. आणि ते गप्प बसणं आपल्या त्या एका वाक्याची देणगी आहे. मूल होऊ नये म्हणून आपण तोंड वाकडं करतो. मूल व्हायचं ते होतंच, फक्त प्लॅनिंगशिवाय होतं.

प्लॅनिंग म्हणजे तरी काय मोठं? सेंटरच्या डॉक्टरांना आधी सांगायचं, "आम्हाला मूल हवंय." लोड सापडेनासा होऊन तसाच टिकेपर्यंत थांबायचं. टीबी, गुप्तरोग, कावीळ-बी तपासून घ्यायची. एकालाच लागण असेल तर दुसऱ्याची चाचणी करत राहायची. गरोदरपणात गोळी बंद करायची नाही. शेवटच्या महिन्यांत पुन्हा लोड. बाळाला जन्मल्यावर काही आठवडे औषध, सहाव्या आठवड्यात पहिली चाचणी आणि अठरा महिन्यांपर्यंत पाठपुरावा. (आईच्या अँटीबॉडीज बाळाच्या रक्तात असतात, त्यामुळे साध्या चाचणीवरून आधीच रडारड करू नये.)

आणि दूध. इथे खोटं आश्वासन देणार नाही. आईचा विषाणू दबलेला असला तरी अंगावर पाजताना धोका अगदी शून्य होत नाही, खूप कमी होतो. आपल्याकडचा सल्ला असा की आईने औषध चालू ठेवून पहिले सहा महिने फक्त अंगावर पाजावं. मध्येच वरचं दूध, घुटी, मध चाटवणं नको. म्हणजे आजीबाईंनाही विश्वासात घ्यावं लागणार. पुन्हा तेच, बोलावं लागणार.

आता कुणी म्हणेल, "आईबाप लवकर गेले तर पोराचं काय?" वेळेवर निदान होऊन उपचार चालू असलेला माणूस आज जवळपास इतरांइतकं जगतो. आणि ही चिंता आपण साठ सिगरेटी ओढणाऱ्या बापाबद्दल कधी केली? "दत्तक घ्या की मग!" घेतीलही. पण दत्तक ही मनापासून करायची गोष्ट आहे, दुसऱ्याला ठोठावायची शिक्षा नाही.

राहिलं आपलं काम. उद्या टीममधला कुणी, गावाकडचा कुणी भाऊ, एखादी वहिनी हे बोलायचं धाडस करेल, तेव्हा "कशाला?" हा शब्द गिळायचा. "डॉक्टरांशी बोललात का? लोड किती आहे?" एवढंच विचारायचं. कुठे जायचं माहीत नसेल तर १०९७ हा मोफत हेल्पलाइन नंबर द्यायचा. आणि ऐकलेलं दुसऱ्या क्यूबिकलपर्यंत जाऊ द्यायचं नाही.

मूल हवं की नको, ते त्यांचं ते ठरवतील.