एका संगणकात दोन कार्यप्रणाली : सोय की सोस?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या कार्यप्रणालीला दिला जाणारा सर्वसाधारण आधार थांबविला. कार्यप्रणाली, म्हणजे रूढ भाषेत ऑपरेटिंग सिस्टिम, ही संगणकाची कारभारी. तिच्यावाचून यंत्राचे पान हलत नाही. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेच्या वाढीव दुरुस्त्यांची सोय कंपनीने ठेवली. परंतु ती मुदतवाढ होती, सुटका नव्हे. विंडोज ११ साठी तुलनेने नवा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षायंत्रणा आवश्यक असते. साहजिकच, धडधाकट असलेले अनेक जुने संगणक या अटींमुळे बाद ठरले. नाशिकमधील शिक्षकाच्या घरी किंवा शाळेच्या कार्यालयात असलेला संगणक काही दरवर्षी बदलता येत नाही. मग सल्ला मिळतो तो असा की, विंडोज आहे तशी राहू द्यावी आणि त्याच यंत्रात शेजारी फुकट मिळणारी लिनक्स बसवावी. हा सल्ला कितपत शहाणपणाचा आहे, याचा विचार व्हावयास हवा.

एका यंत्रावर अनेक कार्यप्रणाली चालविण्याची कल्पना नवी नाही. आयबीएमने १९७२ साली आपल्या मोठ्या संगणकांसाठी व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली, तिचे प्रयोजन हेच होते. त्या काळी यंत्र अतिशय महाग होते, आणि ते अनेकांत वाटून घेणे हा उघड काटकसरीचा मार्ग होता. आज यंत्र तुलनेने स्वस्त झाले आहे; महाग आहे तो ते वापरणाऱ्या माणसाचा वेळ. तेव्हा दोन प्रणाली बसविता येतात का, एवढेच पाहून भागत नाही. त्या सांभाळण्यात जाणारा वेळ कोणत्या कामी येतो, हे पाहावे लागते.

दोन प्रणाली नांदविण्याच्या रीती मुख्यतः दोन. पहिलीत डिस्कचे भाग पाडून प्रत्येक भागात एकेक प्रणाली बसविली जाते आणि संगणक सुरू करताना त्यांतील एक निवडावी लागते. दुसरीत चालू प्रणालीच्या पोटातच एक आभासी संगणक उभा करून त्यात दुसरी प्रणाली चालविली जाते. पहिल्या रीतीत यंत्राची सारी शक्ती एका वेळी एकाच प्रणालीला मिळते, परंतु एकीतून दुसरीत जाण्यासाठी संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो. दुसऱ्या रीतीत हा खटाटोप वाचतो, पण स्मृती दोघींत वाटली जाते. चार जीबी रॅमच्या जुन्या यंत्राला ही वाटणी सोसत नाही.

शिवाय एका म्यानात दोन तलवारी ठेवल्या की खणखणाट आलाच. विंडोज यंत्राचे घड्याळ स्थानिक वेळेचे मानते, लिनक्स सामान्यतः जागतिक वेळेचे. त्यामुळे एकीतून दुसरीत गेले की कधी वेळ साडेपाच तासांनी सरकलेली दिसते. विंडोज पूर्ण बंद न होता अर्धनिद्रेत राहिली, तर तिच्या भागातील फायलींवर लिनक्सला लिहिता येत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये तर विंडोजच्या एका सुरक्षा-दुरुस्तीमुळे अशा जोडव्यवस्थेच्या काही संगणकांवर लिनक्स सुरूच होईनाशी झाली. जाणकाराला या अडचणी किरकोळ वाटतील. पण वेतनदेयके पाठविण्याच्या अखेरच्या दिवशी लिपिकासमोर असा प्रसंग उभा राहिला, तर तो किरकोळ राहत नाही.

याचा अर्थ ही व्यवस्था सर्वांनाच निरुपयोगी आहे असा नव्हे. संगणकशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याला अनेक प्रणालींची ओळख हवीच. ती आभासी संगणकावर करून घेणे उत्तम, कारण तेथे चूक झाली तरी मूळ यंत्र सुरक्षित राहते. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी १९८९ साली स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ नाशिकलाच आहे; अशा विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला घरच्या संगणकावरची ही प्रयोगशाळा मोलाची ठरेल. तथापि शिक्षक आणि लिपिक यांची गरज वेगळी आहे. शालार्थ किंवा यू-डायस प्लस यांसारखी कामे ब्राउझरमधून होतात. त्यांना प्रणाली कोणती याचे फारसे सोयरसुतक नाही. अडचण उरते ती डिजिटल स्वाक्षरीची उपकरणे आणि केवळ विंडोजवर चालणारी मोजकी सॉफ्टवेअर यांची. ज्याचे काम त्यांच्यावाचून अडते, त्याने आधार असलेली विंडोजच ठेवावी. ज्याचे अडत नाही, त्याने निर्धास्तपणे लिनक्सवर जावे. केरळने आपले शालेय संगणकशिक्षण मुक्त प्रणालीवर नेले, ते असा एक निर्णय करूनच. दोन्ही डगरींवर हात ठेवून ते साधले नसते.

मराठी माणसाला मात्र जुनी प्रणाली जपण्याचे एक खरे कारण आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर निरनिराळ्या कंपन्यांच्या फाँटमध्ये टंकलिखित होत असे. स्मरणिका, प्रश्नपत्रिका, संस्थांची इतिवृत्ते अशा फायलींत पडून आहेत. तो फाँट नसेल तर मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो, आणि पेजमेकरसारख्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये केलेली फाईल नव्या संगणकावर उघडणेच दुरापास्त होते. अशा मजकुरासाठी जुनी प्रणाली, इंटरनेटपासून तोडून, जपणे योग्यच. पण ती जपावयाची तो मजकूर युनिकोडमध्ये उतरवून घेण्यापुरती. रूपांतराची साधने उपलब्ध आहेत. रूपांतरानंतर मुद्रितशोधनाचे कष्ट तेवढे घ्यावे लागतात.

दुसरी कार्यप्रणाली हा नदीवरचा पूल आहे. पलीकडे जाण्यासाठी तो अवश्य बांधावा, पण त्यावर संसार थाटू नये. संगणकात किती प्रणाली आहेत यापेक्षा, आज लिहिलेला मराठी मजकूर वीस वर्षांनी कोणत्याही प्रणालीवर वाचता येईल काय, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. शाळांनी आणि कार्यालयांनी नव्या खरेदीची चर्चा करण्यापूर्वी जुन्या फायलींचे हे काम हाती घेतले, तर बाद ठरलेले ते जुने संगणकही शेवटचे एक मोठे काम करून जातील.