उघडे तोंड, अपुरी झोप

उन्हाळ्यात लोधीखेड्याच्या अंगणात खाटा पडतात. तोंड उघडे टाकून घोरणारे मूल पाहून आम्हीही कौतुकाने म्हणत असू, ‘किती गाढ झोपले आहे!’ वस्तुतः नित्याचे घोरणे हे गाढ झोपेचे लक्षण नव्हे. नाकामागील अ‍ॅडेनॉइड वाढले की श्वास अडतो, झोप मोडते. आणि दिवसा पेंगणाऱ्या त्या मुलाला ‘आळशी’ ही पदवी मिळते. अमेरिकन दंतवैद्य आल्फ्रेड रॉजर्स यांनी १९१८ साली चेहऱ्याच्या स्नायूंच्या व्यायामांचा पुरस्कार केला. जीभ टाळूला टेकवणे, ओठ मिटणे, हे व्यायाम साहाय्यक खरे. परंतु आधी नाक मोकळे हवे. तेव्हा पालकहो, मुलावर रागावण्यापूर्वी त्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्यावे, ही आमची विनंती.