बारा व्होल्टचं दुखणं आणि लिथियमचा उतारा

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांच्या कुठल्याही घोळक्यात "गाडी उघडतच नाहीये, स्क्रीन काळी, ॲप म्हणतंय ऑफलाइन" असं कोणी म्हणायचा अवकाश, की सल्ला हजर! "ती शिशाची बॅटरी काढून फेक आणि लिथियम टाक. कटकट कायमची संपेल." सल्ला देणाऱ्याने बहुतेक वेळा स्वतः नुकतेच पैसे घातलेले असतात, त्यामुळे आवाजही खणखणीत असतो. माझं म्हणणं सरळ आहे. हा सल्ला चुकीचा आहे. महाग आहे हे तर आहेच, पण ज्यांना जाब विचारायला हवा त्यांना तो अलगद सोडून देतो, हा माझा खरा आक्षेप.

आधी थोडं तांत्रिक. इलेक्ट्रिक गाडीत दोन बॅटऱ्या असतात. एक पोटाखालची मोठी, तीनशे-चारशे व्होल्टची, जिच्यावर गाडी पळते आणि जिच्याबद्दल आपण शोरूममध्ये तासभर डोकं खातो. दुसरी बारा व्होल्टची, साध्या पेट्रोल गाडीत असते तशीच, जिच्याबद्दल कोणी काही विचारत नाही. गाडी उभी असताना मोठी बॅटरी कॉन्टॅक्टर नावाच्या जाडजूड स्विचांनी बाकी गाडीपासून तोडलेली असते. सुरक्षिततेसाठी ते बरोबरच आहे. पण हे कॉन्टॅक्टर जोडायला वीज लागते, गाडीतल्या कंप्युटर्सना जागं व्हायला वीज लागते, दाराच्या लॉकला लागते, आणि ती सगळी येते बारा व्होल्टच्या बॅटरीतून. ती मेली की मोठी बॅटरी शंभर टक्के भरलेली असली तरी गाडी म्हणजे पार्किंगमधला दगड.

आता आकडे बघा. २०२० च्या जानेवारीत आलेल्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीची मोठी बॅटरी होती ३०.२ किलोवॅट-अवरची. बारा व्होल्टची ४५ अँपिअर-अवरची बॅटरी धरली तर तिच्यात साठते जेमतेम अर्धा किलोवॅट-अवर. म्हणजे गोदामात पन्नास पोती धान्य आणि घरात मात्र सगळे उपाशी, कारण गोदामाची किल्ली उचलायला कोणाच्या अंगात ताकद नाही! अशा वेळी घरात थोडं भारी धान्य आणून ठेवा म्हणायचं, की गोदामातून वेळेवर धान्य का येत नाही हे विचारायचं?

आम्ही सॉफ्टवेअरवाले हा प्रकार रोज बघतो. सर्व्हरला मेमरी लीक आहे, दर मंगळवारी तो झोपतो. कोणीतरी शहाणा म्हणतो, रॅम दुप्पट करू. करतात. मग तो दर दुसऱ्या मंगळवारी झोपतो आणि सगळे एकमेकांच्या पाठी थोपटतात. लीक तसाच. बारा व्होल्टच्या जागी लिथियम टाकणं हे बहुतेक वेळा असं रॅम वाढवणं आहे.

लीक कुठे असतो? गाडी नीट झोपली तर तिचा उभ्या-उभ्याचा खर्च फार नसतो. समजा ५० मिलिअँपिअर धरला, तर ४५ अँपिअर-अवरची बॅटरी अर्ध्यावर यायला अठरा-एकोणीस दिवस लागतात. पण एखादा मॉड्यूल झोपलाच नाही आणि दोन अँपिअर ओढत बसला, तर तेच काम अकरा तासांत होतं. संध्याकाळी गाडी लावली, सकाळी दगड. मॉड्यूल का झोपत नाही? कधी गाडीच्याच सॉफ्टवेअरमधला घोळ. कधी आपण हौसेने लावलेला ओबीडी डाँगल किंवा थेट वायरिंगमधून वीज घेणारा डॅशकॅम. आणि कधी तर केवळ ॲप उघडून "किती टक्के आहे बघू" म्हणत गाडीला दिवसातून वीस वेळा उठवणारे आपण! (गाडीला मूल समजणारे लोक मला माहीत आहेत, पण झोपलेल्या मुलालाही कोणी इतक्या वेळा उठवत नाही.) ह्यातलं काहीही लिथियमने बरं होत नाही.

आणि शिशाच्या बॅटरीला इतकं हिणवायचं कारण नाही. गॅस्तों प्लान्ते ह्या फ्रेंच माणसाने ती १८५९ मध्ये केली, म्हणून "दीडशे वर्षांपूर्वीचं तंत्रज्ञान" म्हणून नाकं मुरडतात. चाक त्याहून जुनं आहे. २००१ मध्ये बंगळूरमध्ये जन्मलेली आपली रेवा तर अख्खी शिशावर पळायची, सहा व्होल्टच्या आठ बॅटऱ्यांवर. शिशाच्या बॅटरीला दोन गोष्टी सोसत नाहीत, अर्धवट रिकामं पडून राहणं आणि उकाडा. रिकामी पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि बॅटरी पुन्हा पूर्ण भरतच नाही. म्हणजे तिला मारतो तो तिचा धर्म नव्हे, तिला उपाशी ठेवणारा मालक. आणि इथे मालक म्हणजे तुम्ही नव्हे, गाडीचं चार्जिंग सांभाळणारा कोड.

आता लिथियम. आपल्याकडे ह्या कामाला मिळते ती लिथियम आयर्न फॉस्फेट, ३.२ व्होल्टचे चार सेल जोडून केलेली. गुण खरेच आहेत. वजन निम्म्याहून कमी, आयुष्य कितीतरी जास्त चक्रांचं, आणि जवळजवळ पूर्ण रिकामी केली तरी रुसत नाही. पण तिला ज्या गाडीत बसवतात त्या गाडीला हा बदल कोणी सांगत नाही! गाडी अजूनही समजतेय की समोर शिसंच आहे. भरलेली शिशाची बॅटरी विश्रांतीत १२.६-१२.७ व्होल्ट दाखवते आणि अर्धी झाली की १२.२ च्या आसपास. लिथियमची बॅटरी वीस टक्क्यांवर आली तरी १२.९ च्या आगेमागे असते. जी गाडी व्होल्टेज बघून ठरवते की आता मोठ्या बॅटरीतून थोडं भरून घ्यावं, तिला ही जवळजवळ रिकामी बॅटरी तुडुंब भरलेली दिसते. मग ती भरत नाही. आणि लिथियमचा उतार हळूहळू नसतो, ती शेवटपर्यंत हसतमुख राहते आणि मग कड्यावरून खाली. आतला बीएमएस सेल वाचवायला वीज तोडतो आणि टर्मिनलवर शून्य. शिशाची बॅटरी निदान आठवडाभर कुरकुर करून मरते हो.

मला जास्त काळजी वाटते ती चालत्या गाडीची. इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग पार्किंगच्या वळणावर क्षणभर दहा-वीस नाही, कित्येक दहा अँपिअर ओढतं. असे झटके झेलायला डीसी-डीसी कन्व्हर्टरच्या जोडीला बॅटरी लागते. सोलरच्या किंवा इन्व्हर्टरच्या कामासाठी बांधलेला, ५० अँपिअरला तुटणारा बीएमएस कोणी "ड्रॉप-इन" म्हणून गाडीत बसवला आणि तो नको त्या क्षणी तुटला, तर? अपघातात मोठी बॅटरी आपोआप तोडली जाते, त्यानंतर एअरबॅग, हॅझर्ड दिवे आणि दारांची लॉक जगतात ती ह्याच बारा व्होल्टवर. ही जागा यूट्यूब बघून प्रयोग करायची नाही.

ज्यांनी हे काम नीट केलं त्यांनी कसं केलं तेही बघू. पोर्शने २००९ च्या नोव्हेंबरात ९११ जीटी३ वगैरेंसाठी लिथियमची स्टार्टर बॅटरी जाहीर केली. सहा किलोच्या आत, नेहमीच्या बॅटरीपेक्षा दहा किलोहून हलकी. आणि तिच्या सोबत नेहमीची शिशाची बॅटरीसुद्धा द्यायचे, थंडीत लिथियम दगा देईल म्हणून! म्हणजे जर्मनीतल्या रेसिंग इंजिनिअरांनी हातचा राखून ठेवला, आणि आपला नाना पेठेतला दुकानदार म्हणतो, "साहेब, डोळे झाकून टाका." टेस्लाने २०२१ मध्ये नव्या मॉडेल एस आणि एक्समध्ये शिसं काढलं, पण नुसती बॅटरी बदलली नाही. व्होल्टेज साडेपंधराच्या आसपास नेलं आणि त्याला साजेसं चार्जिंग बांधलं. लिथियमला माझा विरोध नाही. कारखान्यात, सगळी साखळी तपासून टाकलेली लिथियम मला आवडेलच. विरोध आहे तो गाडीला अंधारात ठेवून टाकलेल्या लिथियमला.

बरं, बॅटरी निर्दोष असूनही गाडी बंद पडते, त्याचं काय? २०२४ च्या जूनमध्ये ह्युंदाईने भारतात १,७४४ आयोनिक ५ परत बोलावल्या, जुलैमध्ये कियाने १,१३८ ईव्ही६. दोन्हीकडे कारण एकच, आयसीसीयू नावाचा चार्जिंग सांभाळणारा भाग, जो बिघडला तर बारा व्होल्टची बॅटरी भरणंच थांबतं. तिथे तुम्ही शिसं लावा, लिथियम लावा नाहीतर सोन्याची लावा. भरणाराच संपावर गेलाय.

आणि हे फक्त ऑफिसला उशीर होण्याचं प्रकरण नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा यंत्रणेने २०२१ च्या सुमारे १,७४,००० मॉडेल वाय गाड्यांची चौकशी सुरू केली. तक्रार अशी, की व्होल्टेज कमी पडल्यावर बाहेरची इलेक्ट्रॉनिक हँडल्स चालेनात. आई-बाप बाहेर, मूल आत. काही जणांनी काच फोडली. त्या नोंदीत मला सगळ्यात बोचलेली गोष्ट अशी, की बॅटरी उतरल्याची सूचना आधी दिसली असं एकाही तक्रारदाराने सांगितलं नाही. आता कल्पना करा, पुण्यातला मे महिना, सोसायटीच्या उघड्या पार्किंगमधली गाडी आणि मागच्या सीटवर बांधलेलं पोर. अशा वेळी बॅटरीत कुठला धातू आहे ह्याने काय फरक पडतो? फरक पडला असता तो दोन दिवस आधी आलेल्या एका ओळीच्या इशाऱ्याने.

तो इशारा देणं, आणि उभ्या गाडीत मोठ्या बॅटरीतून लहान बॅटरी आपोआप भरून घेणं, ह्यात अशक्य काही नाही. ह्युंदाईच्या कोना इलेक्ट्रिकमध्ये "ऑक्झिलरी बॅटरी सेव्हर" नावाची नेमकी हीच सोय होती, आणि ती गाडी आपल्याकडे २०१९ मध्ये आली. ज्या गाडीचा ॲप मला टायरची हवा आणि ड्रायव्हिंगचे गुण दाखवतो, त्याला बारा व्होल्टचा एक आकडा दाखवायला काय धाड भरते? सेन्सर गाडीत आहे. इंटरनेट आहे. दाखवत नाहीत, कारण कोणी मागत नाही. आपण मागत नाही, कारण आपण लिथियमच्या रांगेत उभे.

म्हणून पुढच्या वेळी गाडी घ्यायला जाल तेव्हा रेंजच्या आधी हे विचारा. उभ्या गाडीत लहान बॅटरी आपोआप भरते का? किती दिवस? उतरायला लागली तर ॲपवर कळतं का? पूर्ण मेली तर बॉनेट कसं उघडायचं आणि मागची दारं आतून हाताने कशी उघडतात? सेल्समन उत्तराऐवजी अँबियंट लायटिंगचे रंग दाखवायला लागला, तर मॅनेजरला बोलवा आणि पुन्हा विचारा. आहे त्या गाडीसाठी काही शे रुपयांचा मल्टिमीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीचं व्होल्टेज महिन्यातून एकदा बघा. मोजायच्या आधी गाडी जागी होऊ देऊ नका, नाहीतर कन्व्हर्टरचंच व्होल्टेज मोजून खूश व्हाल. १२.४ च्या खाली वारंवार दिसलं तर आधी डाँगल आणि डॅशकॅम काढून बघा, मग सर्व्हिस सेंटरला लेखी तक्रार द्या, की गाडी झोपत नाही. तोंडी सांगितलं की ते बॅटरी बदलून देतात आणि विषय संपवतात. बॅटरी तीन-चार वर्षांची झालीच असेल तर गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या प्रकारचीच नवी टाका, शक्य असेल तर एजीएम. जुनी देऊन पैसेही सुटतात, कारण शिसं वजनावर विकलं जातं. जुन्या लिथियमचं काय करायचं हे विकणाऱ्यालाच विचारून बघा.

आणि आधीच लिथियम बसवून मोकळे झालेल्यांनी एवढं तरी करा. तिच्या बीएमएसची अँपिअर-मर्यादा किती आहे ते बिलावर लिहून घ्या, आणि तुमची गाडी बारा व्होल्टची बॅटरी कुठल्या व्होल्टेजला आणि कधी भरते हे सर्व्हिस सेंटरकडून लेखी मागा. ते देणार नाहीत. तरी मागा.