पहिल्या आरंभाची आज्ञापत्रिका

नवे गणकयंत्र प्रथम सुरू झाले, की त्याला नाव द्यावे लागते, वापरणाऱ्यांची खाती उघडावी लागतात, आवश्यक प्रोग्राम बसवावे लागतात. एका यंत्राच्या बाबतीत हे काम हाताने करणे कठीण नाही. शंभर यंत्रांच्या बाबतीत मात्र कोठेतरी काही राहून जातेच. आणि काय राहिले, याची नोंद बहुधा कोणापाशीच नसते.

लिनक्सवरील सिस्टिम कंटेनर म्हणजे एकाच यंत्रात थाटलेले स्वतंत्र बिऱ्हाड होय. मूळ यंत्राचा कर्नल सर्वांना समाईक. खाती, फाइली आणि सेवा मात्र ज्याच्या त्याच्या. २०१४ साली जाहीर झालेली एलएक्सडी आणि तिच्यातून २०२३ साली वेगळी झालेली इन्कस या प्रणालींमुळे अशी बिऱ्हाडे हवी तितकी उभारता येतात. ती सारी एकाच साच्यातून निघतात. त्यांना वेगळेपण देण्याचे काम क्लाउड-इनिट हा प्रोग्राम करतो. पहिल्या आरंभी तो लेखी आज्ञापत्रिका वाचतो, तीत सांगितलेली खाती उघडतो, प्रोग्राम बसवतो आणि त्या कंटेनरच्या स्वतःच्या एसएसएच किल्ल्या घडवतो. या किल्ल्या साच्यातच असत्या, तर सर्वांची ओळख एकच झाली असती. कंटेनरची ओळख तो नोंदवून ठेवतो. म्हणून एरवी पुढील आरंभी ही कामे पुन्हा होत नाहीत.

यात श्रम वाचतात, हे खरे. तथापि तो लाभ गौण होय. मुख्य लाभ हा, की एका जाणत्या मनुष्याच्या डोक्यात असलेली कृती कागदावर उतरते. शाळेच्या प्रयोगशाळेतील किंवा ग्रंथालयातील जाणता बदलून गेला, तरी त्याचे ज्ञान मागे उरते.

मात्र पत्रिकेतील एक चूक शंभर ठिकाणी उमटते. पहिल्या ओळीतील ठराविक खूण राहिली, तर आज्ञा अमलात येत नाहीत. कंटेनर तर सुरू झालेला दिसतो. पत्रिकेत उघड्या अक्षरांत पासवर्ड लिहिणे म्हणजे ती वाचू शकणाऱ्या प्रत्येकाच्या हाती किल्ली देणे होय.

यास्तव पत्रिका आधी एकाच कंटेनरवर तपासावी, दुसऱ्याकडून वाचून घ्यावी आणि तिची प्रत दिनांकासह जपावी. केवळ तिच्या आधारे अपरिचित मनुष्यालाही यंत्र पुन्हा उभारता आले, तरच स्वयंचलन साधले असे म्हणावे.