बिटरगावचा पत्ता

कल्पित कथेतील प्रसंग ज्या भूमीवर चित्रित झाले ती भूमी प्रत्यक्ष जाऊन पाहावी, ही जी हौस अलीकडे जगभर बळावली आहे तिची थट्टा करणे सोपे असले, तरी आम्हां मराठी माणसांना तो अधिकार फारसा पोचत नाही. नाशिकच्या पंचवटीत सीतागुंफेच्या अरुंद दारातून अंग चोरून आत शिरणारा भाविक आणि उत्तर आयर्लंडमधील बीचवृक्षांच्या कमानीखाली ‘गेम ऑफ थ्रोन्स’मधला राजमार्ग धुंडाळणारा तरुण ह्यांच्या श्रद्धेत अंतर असेल, परंतु ऐकलेल्या, पाहिलेल्या कथेची माती एकदा तरी आपल्या पायांखाली यावी, ही ओढ दोघांचीही सारखीच. आपल्याकडे तर डोंगरात कोरीव काम दिसले की ते पांडवांच्या खाती मांडून मोकळे होण्याची रीतच होती. नाशिकची लेणी सातवाहन आणि क्षत्रप ह्यांच्या अमलात बौद्ध भिक्षूंसाठी कोरली गेली, ती कोणी व कशासाठी दान दिली ह्याचे लेख भिंतींवर आजही वाचता येतात, आणि तरीही लोकांच्या तोंडी ती पांडवलेणीच राहिली. कथा भूमीला कीर्ती देते खरी, पण त्या कीर्तीच्या मोबदल्यात भूमीचा मूळ सातबाराच ती आपल्या नावावर चढवून घेते, एवढीच माझी तक्रार आहे.

ह्या फेरफाराची उदाहरणे दूरचीही आहेत. ॲड्रिॲटिक समुद्राच्या काठचे दुब्रोव्हनिक हे कित्येक शतके स्वतंत्र गणराज्य म्हणून नांदलेले नगर. 1991 च्या युद्धात त्याच्या जुन्या तटावर तोफगोळे पडले. त्याच तटावर आज माणसांचे लोंढे फिरतात ते ‘गेम ऑफ थ्रोन्स’मधल्या ‘किंग्ज लँडिंग’ नावाच्या, भूगोलात कोठेच नसलेल्या राजधानीच्या शोधात. गर्दी आवरण्यासाठी तेथील नगरपालिकेला प्रवासी जहाजांच्या संख्येवर मर्यादा घालावी लागली.

घरचे उदाहरण अधिक चोख आहे. राही अनिल बर्वे दिग्दर्शित ‘तुंबाड’ हा 2018 चा चित्रपट अस्सल अद्भुतकथा होय. त्याचे नाव श्री. ना. पेंडसे ह्यांच्या ‘तुंबाडचे खोत’ ह्या कादंबरीवरून आलेले, भयाचे बीज नारायण धारपांच्या कथेतले, आणि पडद्यावरचा पाऊस असा की ज्याला खंड म्हणून नाही. आता हे तुंबाड पाहावयास जावे तरी कोठे? त्या नावाचे खरे गाव कोकणात, खेड तालुक्यात जगबुडी नदीच्या काठी आहे. पडद्यावरचा तो अंधारा, ओलाचिंब वाडा मात्र घाटाच्या ह्या बाजूस, सासवडच्या कसब्यात, पुरंदरे घराण्याचा. ज्या पुरंदर तालुक्यातले शेतकरी आभाळाकडे डोळे लावून अंजीर आणि सीताफळ पिकवतात, त्या पर्जन्यछायेतल्या वास्तूला अखंड पावसाचे घर म्हणून प्रसिद्धी मिळावी, हा दैवाचा विनोद म्हटला पाहिजे. त्या वाड्याच्या बुरुजांखाली छायाचित्रे काढणाऱ्यांस चित्रपटातला हस्तर ठाऊक असतो. मात्र पुरंदरे हे पेशवाईच्या उभारणीतले घराणे असून पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ ह्यांनी 1720 साली ह्याच सासवडात देह ठेवला, ही गोष्ट त्यांना कोणी सांगत नाही. चित्रपट पाहून का होईना, माणूस त्या दारापर्यंत गेला हे मी चांगलेच मानतो; पण दारापर्यंत गेलेल्याला आत काय घडले हे सांगण्याची तजवीज कोणीतरी करावयास हवी होती.

आमच्या सोलापूर जिल्ह्याच्या वाट्याला मात्र अद्भुत आले ते वास्तववादी म्हणून गौरविलेल्या चित्रपटाच्या हातून. नागराज मंजुळे ह्यांचा ‘सैराट’ 29 एप्रिल 2016 रोजी पडद्यावर आला आणि ज्या करमाळा तालुक्याचे नाव तोवर टंचाईच्या बैठकांत आणि उसाच्या बिलांच्या चर्चेतच ऐकू येई, तेथे वाहने भरभरून माणसे चित्रपटातल्या बिटरगावचा पत्ता विचारीत येऊ लागली. सोलापूरकर पाहुण्यांना सिद्धेश्वराचे तळे दाखवतो, पंढरपूर आणि अक्कलकोट घडवतो. आपल्या माळरानाकडे ‘देखावा’ म्हणून पाहण्याची बुद्धी त्याला कधी झाली नव्हती, ती मंजुळे ह्या करमाळ्यातल्याच जेऊरच्या मुलाने कॅमेऱ्यातून दिली. ज्या भूमीची आपण आजवर पाऊस आणि उतारा ह्यांच्या मोजमापानेच किंमत केली ती सुंदरही असू शकते, हे तिच्याच लेकरांना कळणे ही लहानसहान कमाई नव्हे.

चित्रपटाचा पूर्वार्ध मला तरी परीकथेहून निराळा वाटत नाही. उत्तरार्धात त्या परीकथेवर जातीने जो सूड उगवला तो सर्वांस ठाऊक आहे. आश्चर्य असे की प्रवासी फक्त पूर्वार्धाचा प्रवास करतात. चित्रपटातले प्रेमी आर्ची आणि परशा जेथे हसले तेथे उभे राहून जोडपी छायाचित्रे घेतात, आणि त्या हसण्याची किंमत कोणी व कोणत्या कारणाने वसूल केली, हा विषय परतीच्या गाडीत निघत असेल असे मला वाटत नाही. (निघाला, तर गाडीतले वातावरण बिघडेल, हेही खरे.)

शिवाय त्या देखाव्यामागे एक तिसरी कथा आहे, जी कोणत्याही पडद्यावर आलेली नाही. करमाळ्याच्या पश्चिम पट्ट्यातली उसाची आणि केळीची हिरवी बागायत ही निसर्गाची देणगी नसून उजनीच्या फुगवट्याची आहे. भीमेवरचे हे धरण 1980 साली पुरे झाले. त्याची क्षमता 117 टीएमसी, आणि तीतला निम्म्याहून अधिक भाग मृत साठ्याचा, म्हणून आमच्याकडे उन्हाळ्यात ‘उजनी उणेमध्ये गेली’ असे बोलले जाते आणि परगावच्या माणसास, धरणातले पाणी शून्याच्या खाली कसे उतरते, हे समजावून सांगता सांगता पुरेवाट होते. ह्या पाण्याखाली करमाळा, इंदापूर, माढा ह्या तालुक्यांतली नांदती गावे गेली. पाणी फार आटले की पळसदेवचे जुने देऊळ चिखलातून वर येते, कुगावकडे जुन्या वाड्याच्या भिंती उघड्या पडतात. बुडालेले नगर पुन्हा डोके वर काढते, हा प्रसंग अद्भुतमालिकेच्या लेखकाने कल्पनेने रचला असता तर आपण त्याच्या प्रतिभेची वाखाणणी केली असती. येथे तो दुष्काळी सालात आपोआप घडतो, आणि ते पाहण्यास जमणाऱ्या गर्दीत ज्यांची घरे तेथे होती अशी म्हातारी माणसेही असतात.

त्याच पाण्याने माणसांच्या जुन्या वाटाही तोडल्या. 2024 च्या मे महिन्यात कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळात उलटून सहा जण बुडाले. पलीकडच्या तीरावर जाण्यास पूल नव्हता आणि रस्त्याने जावे तर मोठा वळसा, म्हणून लोक बोटीत बसत होते. ज्या जलाशयाकडे पाठ करून पाहुणे हसत छायाचित्र काढतात, तो तेथील रहिवाशांचा रोजचा अडसर आहे.

करमाळ्यास येणाऱ्यांनी येऊ नये, असे माझे म्हणणे मुळीच नाही. उलट, ‘सैराट’च्या निमित्ताने आलेल्याने कमलादेवीच्या देवळात अवश्य जावे, रावरंभा निंबाळकरांच्या घराण्याने अठराव्या शतकात उभारलेल्या ह्या मंदिराची दाक्षिणात्य धर्तीची गोपुरे आणि जवळची शहाण्णव पायऱ्यांची बारव पाहून, निजामाच्या पदरी असलेल्या मराठा सरदाराला ही घडण कोठून सुचली असावी, असा प्रश्न त्याच्या मनात उभा राहिला तर सहलीचा खर्च वसूल झाला असे समजावे. पण असा प्रश्न उभा राहण्यास कोणीतरी दोन ओळींचा फलक लावावा लागतो, आणि आमच्याकडे फलक लागतात ते वाढदिवसांचे.

पर्यटनाच्या नावाने उद्या ‘आर्ची-परशा पॉइंट’ची कमान उभारण्याची योजना कोणी मांडली, तर तिला निधी मिळण्यास अडचण पडेल असे वाटत नाही. त्या निधीतला अल्प हिस्सा दुसऱ्या एका कामाला लागावा, अशी सूचना मी जिल्हा प्रशासनास करू इच्छितो. उजनीच्या भूसंपादनाचे कागद महसूल दप्तरात आहेत. त्यांवरून बुडित गावांचा एक नकाशा करून तो जेऊरच्या रेल्वे स्थानकावर, जेथे पाहुणा पहिले पाऊल टाकतो तेथे, भिंतीवर लावावा. दुसरे काम पैशाचे नसून वेळेचे आहे. 1980 साली जे विशीत होते ते आज साठी ओलांडून गेले आहेत. कोणत्या आळीत कोणाचे घर होते, गाव उठले तेव्हा देव कोणी उचलले, नव्या गावठाणात कोणाला जागा मिळाली आणि कोण तक्रार करीत राहिला, हे त्यांच्याइतके नेमके कोणत्याही दप्तरात सापडणार नाही. सोलापूर विद्यापीठाच्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी येत्या उन्हाळ्याच्या सुट्टीत फुगवट्याच्या दोन्ही तीरांवर हिंडून ह्या कैफियती लिहून घेतल्या, तर पुढच्या वर्षी बिटरगावचा पत्ता विचारणाऱ्याला आम्ही आणखीही काही पत्ते सांगू शकू.