चूक तुमची नाही, बटणाची!
परवा आई ऑनलाइन फॉर्म भरत होती. वीस मिनिटं खपली, शेवटी क्लिक केलं आणि... सगळं कोरं! ‘सबमिट’ला खेटून, त्याच रंगाचं, त्याच साइजचं ‘रीसेट’. आई म्हणाली, ‘‘मला नाही रे जमायचं हे.’’

थांब आई! वापरणारा चुकला, तर दोष बहुतेकदा डिझाइनचा असतो, हे डॉन नॉर्मन यांनी १९८८ सालीच पुस्तकात सांगून ठेवलंय. जेकब नील्सन यांच्या १९९४च्या दहा नियमांतही तेच: चूक होऊच देऊ नका, झालीच तर मागे फिरायची सोय ठेवा.

साधं आहे, बॉस! कामाचं बटण मोठं, धोक्याचं लांब. पुसण्याआधी एकदा विचारा.

साइट बनवताय? लाँचआधी आईला वापरायला द्या. शेजारी बसा. आणि तोंडातून अक्षर काढू नका!