यंत्राआधीं जागा

घरांत रेडिओ घ्यावयाचा म्हणजे एके काळीं साऱ्या कुटुंबानें विचार करून ठरवावयाची गोष्ट असे. आतां तीच गोष्ट मुलांच्या हौसेच्या रूपानें पुनः दारीं आली आहे. नवी मुंबईंतील आमच्या परिचयाच्या घरांतून ‘सॉफ्टवेअर-डिफाइन्ड रेडिओ’ हें नांव अलीकडे वारंवार कानीं पडतें, आणि ‘यांतलें कोणतें यंत्र घेऊन द्यावें?’ असें वडील मंडळी विचारतात. हौस निर्व्यसनी व बुद्धीस चालना देणारी आहे. परंतु पैसे योग्य ठिकाणीं पडावे, ही वडिलांची अपेक्षाहि रास्तच होय.

प्रथम या यंत्राचा धर्म पाहूं. जुन्या रेडिओंत हवें तें केंद्र निवडून त्यांतून ध्वनि काढण्याचें काम तारेचीं वेटोळीं, कंडेन्सर, व्हाल्व्ह हीं करीत. नव्या प्रकारांत अँटेनानें आणलेल्या लहरींचें दर सेकंदास लक्षावधि वेळां मोजमाप होऊन त्याचे आंकडे संगणकाकडे जातात, आणि पुढील काम गणितानें होतें. प्रोग्राम बदलला कीं तेंच यंत्र आतां गाणें ऐकवील, तर घटकेनें जहाजांचा ठावठिकाणा सांगेल. टेलिव्हिजन पाहण्यासाठीं संगणकास जोडावयाच्या एका स्वस्त डोंगलमध्यें हा गुण दडलेला असल्याचें २०१२ च्या सुमारास हौशी मंडळींस उमगलें, आणि ‘आरटीएल-एसडीआर’चा सर्वत्र प्रसार झाला.

बाजारांतील यंत्रांत भेद आहे तो पुष्कळ अंशीं मोजपट्टीच्या सूक्ष्मतेचा. आरटीएल-एसडीआर ८ बिटांचें, म्हणजे त्याच्या मोजपट्टीवर २५६ पायऱ्या. एअरस्पाय मिनी १२ बिटांचें, म्हणजे ४०९६. एसडीआरप्लेचें आरएसपी१बी १४ बिटांचें, म्हणजे १६३८४. वखारीच्या काट्यावर लांकडें तोलतां येतात, गुंजभर सोनें तोलतां येत नाहीं. तसेंच शेजारीं प्रबळ केंद्र असतां क्षीण संकेत टिपावयास सूक्ष्म मोजपट्टीच लागते. म्हणून महाग यंत्र व्यर्थ असें कोणीं म्हणूं नये. पण त्याची मर्यादाहि जाणली पाहिजे.

आमच्या शास्त्रकारांनीं मिश्रणाचे दोन न्याय सांगितले आहेत. तीळ व तांदूळ एकत्र झाले तरी वेचून निराळे करितां येतात, हा तिलतंडुलन्याय. दूध व पाणी एकजीव होतात, हा नीरक्षीरन्याय. नको असलेला संकेत निराळ्या कंपनसंख्येवर असेल, तर तो तिळांप्रमाणें फिल्टर लावून वेगळा काढतां येतो. परंतु एल्. ई. डी. दिवे, मोबाईलचे चार्जर, इन्व्हर्टर, लिफ्टची मोटार यांपासून उठणारा गोंगाट हव्या त्या संकेताच्याच कंपनसंख्येवर पसरतो. तेथें अधिक बिटांचें यंत्र तो गोंगाटच अधिक बारकाईनें मोजून दाखवितें. हें दूध-पाणी निवडणारा हंस कोणत्याहि दुकानांत विकत मिळत नाहीं. अँटेना गोंगाटापासून दूर नेणें हाच त्यावर खरा उपाय.

मोठमोठ्या संस्थांसहि हाच नियम पाळावा लागला. मुंबईंत विजेच्या ट्राम येणार, तेव्हां कुलाबा वेधशाळेंतील चुंबकीय निरीक्षणांस उपद्रव होईल हें ओळखून १९०४ मध्यें अलिबाग येथें नवी वेधशाळा सुरू झाली; ती आज ज्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे, तिचें मुख्य ठाणें आपल्या नवीन पनवेलींतच आहे. पुढें प्रा. गोविंद स्वरूप यांनीं ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ-दुर्बीण उभारली, तीहि शहरांत नव्हे, तर नारायणगांवाजवळील खोडद येथें. मनुष्यनिर्मित रेडिओ-गोंगाट तेथें कमी, हें त्याचें एक प्रमुख कारण.

आपणांस बिऱ्हाड हालवितां येत नाहीं. म्हणून आपल्या जागीं काय चांगलें ऐकूं येईल तें आधीं ठरवावें. लघुलहरी व मध्यमलहरींवर इमारतींतील गोंगाट फार. गच्चीवर अँटेना लावण्याची सोय असेल, तरच त्यांसाठीं एअरस्पाय एचएफ प्लस डिस्कव्हरी किंवा आरएसपी१बी यांचा विचार करावा. उंच कंपनसंख्यांवर हा त्रास कमी, आणि तेथें नवी मुंबई भाग्यवान आहे. न्हावा-शेवा बंदराकडे येणारीं जहाजें १६२ मेगाहर्ट्झच्या आसपास आपलें स्थान कळवितात. २५ डिसेंबर २०२५ पासून येथील नव्या विमानतळावर येऊं-जाऊं लागलेलीं विमानें १०९० मेगाहर्ट्झवर आपलें स्थान व उंची सांगतात. दोन्हींस आरटीएल-एसडीआर पुरतें. मात्र नकली माल पुष्कळ असल्यानें विक्रेता विश्वासाचा पाहावा. जुन्या लेखांतून वाखाणलेले, हवामानाचीं चित्रें पाठविणारे नोआ-१५, १८ व १९ हे उपग्रह २०२५ मध्यें बंद झाले. त्यांच्या आशेनें खरेदी करूं नये.

अँटेनाची लांबी मुलांकडूनच काढवावी. ७५०० ला मेगाहर्ट्झच्या आंकड्यानें भागिलें कीं पाव लहरीची लांबी सेंटिमीटरांत मिळते: जहाजांसाठीं सुमारें ४६, विमानांसाठीं सुमारें ७. तांब्याची तार पुरे. ती मोकळ्या आकाशाकडे असावी, केबल आंखूड असावी, आणि पावसाळ्यांत विजा चमकण्यापूर्वींच ती काढून ठेवावी.

एक मर्यादा घरानें घालून द्यावी. दुसऱ्याचें पत्र फोडून वाचणें जसें अशिष्ट, तसेंच खाजगी संभाषण चोरून ऐकणें. कायदाहि त्यास अनुमति देत नाहीं. हॅकआरएफसारख्या यंत्रानें संदेश पाठवितांहि येतात. पण परीक्षा देऊन सरकारी परवाना मिळविल्याखेरीज तसें करूं नये.

तात्पर्य, आरंभीं साधें यंत्र घ्यावें आणि त्याबरोबर एक कोरी वही द्यावी. घरांतील एकेक दिवा, एकेक चार्जर बंद करून गोंगाट किती घटला, अँटेना कोणत्या खिडकींत ठेविली असतां किती जहाजें दिसलीं, हें मुलानें वा मुलीनें रोज लिहावें. वही भरली म्हणजे महाग यंत्राची गरज आहे कीं नाहीं, हें आपणांस विचारावें लागणार नाहीं. तीं मुलेंच तें पुराव्यानिशीं सांगतील.